हौसाक्कांच्या पेशी

"आज लई खुशीत दिसताय, डॉक्टरीणबाई. माझा काय गुण-बिण आला जणू?"

हौसाक्का खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी, अंगावर निळी शाल. हिवाळ्यातली दुपार होती आणि वॉर्डाच्या उंच खिडकीतून पिवळं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. शेजारी स्टुलावर बसून त्यांचे यजमान, आण्णा जगदाळे, मोसंबं सोलत होते.

मी वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून जवळजवळ धावतच खाली आले होते. का आले, ते माझं मलाही नीट ठाऊक नव्हतं. एवढा आनंद कुणाला तरी सांगायला हवा होता, आणि तो ऐकायचा पहिला हक्क ह्या बाईंचा, असं काहीसं मनात असावं.

"तुमच्या पेशी जगल्या, हौसाक्का."

"कोन जगलं?"

"मागं तुमच्या छातीतलं पाणी काढलं होतं ना? त्यातलं थोडं तुम्हाला विचारून मी वर नेलं होतं. त्यात रोगाच्या पेशी होत्या. त्या मी बाटलीत ठेवल्या, उबेत ठेवल्या, त्यांना खाऊपिऊ घातलं. त्या जगल्या. वाढतायत."

आण्णांचा हात मोसंब्यावर थांबला. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे ही आता बरी हुनार?"

खाटेच्या त्या बाजूनं माझं हसू कसं दिसत असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

"नाही, आण्णा. म्हणजे… ते वेगळं. हे आमच्या कामाच्या दृष्टीनं चांगलं."

आण्णांनी मान हलवली आणि पुन्हा साल काढायला लागले. हौसाक्का मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे तापानं चकाकत होते.

"मला बगायच्यात त्या," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तिशी नुकती ओलांडली होती. शिक्षणानं डॉक्टर, पण वॉर्डात माझा जीव रमला नव्हता. फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तेव्हा मुंबईत आमच्याकडे यायचे तेच बहुधा उशिरा. त्यांच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन जे सांगावं लागे, ते सांगून सांगून मी आतून वाळत चालले होते. म्हणून मग डॉ. खांडेपारकरांच्या प्रयोगशाळेत आले. तिथं माणसं नव्हती. बाटल्या होत्या, काचा होत्या, उबदार कपाटाची एकसुरी घरघर होती. त्या घरघरीत दुपारी डोळे मिटले की आपण एखाद्या मोठ्या प्राण्याच्या पोटात आहोत असं वाटायचं, आणि ते मला आवडायचं.

सरांनी मला काम दिलं होतं एकच. आपल्याकडच्या रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर जगवायच्या. अशा पेशी हाताशी असल्या की त्यांच्यावर हवे ते प्रयोग करता येतात, वर्षानुवर्षं. सांगायला सोपं. प्रत्यक्षात दोन वर्षं मी बाटल्या भरत होते आणि त्या मरत होत्या. आठवडाभर पेशी तग धरायच्या, मग गोळा होऊन पाण्यावर तरंगायच्या. सांगलीला वडिलांनी माझ्यासाठी रक्त-लघवी तपासणीच्या लॅबची जागा बघून ठेवली होती. वर्ष संपलं की मी जाणार, हे घरी ठरलं होतं, सरांनाही मी सांगून टाकलं होतं.

आणि मग हौसाक्का आल्या. माणदेशातल्या. सगळा जन्म तंबूच्या सिनेमात गेलेला. जत्रा जिथं तिथं त्यांचा तंबू. आण्णा दारावर तिकिटं फाडायचे आणि मशीन चालवायच्या हौसाक्का. बाई मशीन चालवते म्हणून सुरुवातीला लोक सिनेमा सोडून मागं वळून बसायचे, असं त्या सांगत. विडी, तंबाखू, मिश्री, कशाचंही व्यसन नव्हतं. तरीही फुप्फुसात गाठ, आणि ती पसरलेली. दोन औषधं देऊन झाली होती. दोन्हींनी केस तेवढे नेले.

सरांना विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "रुग्णाला प्रयोगशाळेत? कशाला, वृंदा?"

"त्यांना बघायचंय, सर. त्यांच्याच आहेत."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाजूच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकावर दाखव. कपाटाजवळ नेऊ नकोस. बाटलीत बुरशी शिरली तर दोन वर्षं गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा चाकाची खुर्ची ढकलत हौसाक्कांना वर घेऊन आले. ऑक्सिजनचं लहान नळकांडं मांडीवर, त्यावर हात असा ठेवलेला की जणू मांजर बसलंय. डोक्याला नवा रुमाल बांधला होता. कुठं तरी बाहेरगावी निघाल्यासारख्या दिसत होत्या.

मी बाटली आणली. लहानशी, चपटी, आत फिकट गुलाबी द्रव. हौसाक्कांनी ती उजेडाकडे धरून बघितली.

"ह्यात तर काय न्हाई."

"नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. थांबा."

सूक्ष्मदर्शकाखाली बाटली ठेवून मी चाक फिरवलं. चित्र स्पष्ट केलं आणि खुर्ची पुढं घेतली. त्या वाकल्या. एक डोळा मिटला, दुसरा लावला. मग मान वर केली.

"दिवा घालवा की वरचा."

"गरज नाही, आतून उजेड आहे."

"ते हाय. पर अंधार केल्याबिगर बगायची सवय न्हाई मला."

आण्णांनी उठून बटण दाबलं, खिडकीचा पडदा ओढला. खोली काळोखली. फक्त सूक्ष्मदर्शकाच्या बुडाशी पांढऱ्या उजेडाचं एक टिकलीएवढं वर्तुळ राहिलं आणि हौसाक्कांच्या गालावर त्याची पुसट झाक. त्या पुन्हा वाकल्या, डोळा लावला. ऑक्सिजनचा बारीक सूं-सूं आवाज येत होता. आण्णा भिंतीला टेकून उभे होते. मला वाटायला लागलं की आपण तिघं पाण्याखाली आहोत, वर कुठं तरी लांब शहर चालू आहे आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नाही.

"काय दिसतंय?" मी हळूच विचारलं.

"नदीच्या तळाला चपटं गोटं असत्यात, तसं. एकाला एक चिकटून." थोड्या वेळानं म्हणाल्या, "वंगाळ न्हाईत दिसायला. मला वाटलं हुतं, काळं काय तरी आसंल. इंगळीवानी." आणि मग एकदम, "हितं एक गोल हाय. मोत्यावानी. चमकतंय. ते काय?"

मी वाकून बघितलं. एक पेशी तळ सोडून गोल झाली होती, कडेनं लखलखत होती.

"ती आता दोन होणार आहे."

"आत्ता?"

"थोडा वेळ लागेल."

"लागू दे."

त्या बघत राहिल्या. मध्ये त्यांनी आण्णांना जागा दिली. त्यांनी क्षणभर बघितलं, "मला काय समजंना," म्हणून मागं सरले. मी पुन्हा बघितलं तेव्हा मोत्याला मधोमध कंबर आली होती. मी बाजूला झाले.

"झाली," हौसाक्का अगदी हळू म्हणाल्या. "एकाची दोन झाली. मी बगितलं."

त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी आजही काय म्हणावं कळत नाही. भीती नव्हती. शेतात पहिला कोंब दिसावा आणि माणसानं बोलावं तसं त्या बोलल्या. मग त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि अंधारातच मला म्हणाल्या,

"सगळ्यांच्याच अशा जगत्यात?"

"नाही. फार थोड्यांच्या. आमच्याकडे तुमच्या पहिल्याच."

"बाकीच्यांच्या मरत्यात?"

"हो."

"मग माज्याच का जगल्या?"

माझ्याकडे उत्तर होतं. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत, एवढ्या हालात ज्या पेशी जगतात, त्या शरीराच्या आत किती जोमानं वाढत असतील, ह्याचं ते उत्तर होतं. ज्या वाक्यांपासून पळून मी वर आले होते, त्यातलंच ते एक वाक्य होतं, आणि ते माझ्यामागून जिना चढून वर आलं होतं.

"जोरात हायेत म्हनून," हौसाक्काच म्हणाल्या. "व्हय ना?"

"हो, हौसाक्का."

भिंतीजवळ आण्णांची चप्पल घासल्याचा आवाज झाला. कुणी दिवा लावला नाही.

"बरं झालं खरं बोललीस, पोरी," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या मला 'अगं-तुगं' करायला लागल्या. "मला दोन औशिदं दिली. दोन्ही टायमाला माज्याच अंगावर बगितलं, लागू पडतंय का. उलट्यांनी आतडी बाहीर आली. आता तिसरं काय देनार आसाल, तर मला इचारू नगा. ह्यांना इचारा आधी. ह्या हितं बसल्यात की आयत्या. ह्या सांगतील."

मी सरांकडे गेले. ते मला खुर्चीत बसायलाही न सांगता म्हणाले, "बाटल्या किती आहेत?"

"मोजक्याच."

"मग ऐक. आत्ता त्या सगळ्या वाढवायच्या. गोठवून ठेवायच्या. वर्षभरात आपल्याकडे पुरेशा पेशी असतील, मग औषधं, मग जे काय ते. आपल्या माणसांच्या पेशींची ही पहिली ओळ, पहिली सेल लाइन आहे, वृंदा. तुझ्या नावानं जगभर जाईल. आज त्यातल्या अर्ध्या औषधं टाकून मारल्यास, उरलेल्या उद्या आपोआप मेल्या, तर?"

"वर्षभरानं त्या बाई नसतील, सर."

"पेशी असतील ना."

ते निष्ठुर नव्हते. हे मी आज खात्रीनं सांगू शकते, कारण आता त्या खुर्चीत मी बसते. एका माणसाच्या आणि पुढं येणाऱ्या अनेकांच्या मध्ये ते उभे होते आणि त्यांना अनेक दिसत होते. मला मात्र अंधारात गालावर पडलेला तो उजेड तेवढा दिसत होता.

"त्यांनी पेशी दिल्या, सर. त्यांनी काही विचारलंय. उत्तर द्यायला नको?"

सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली आवारातल्या मोठ्या वर्षावृक्षाची पानं दुपार कलली की मिटायला लागत, तशी ती मिटत होती.

"एक नवी गोळी आहे," शेवटी ते म्हणाले. "बाहेरून आलेली. आपल्याकडे चाचणीखाली मोजक्यांना देतायत. बहुतेकांना काडीचा फरक पडत नाही. एखाद्याला पडतो, आणि का पडतो ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडे तिची थोडी भुकटी आहे." त्यांनी खण उघडला. "थोड्या पेशी गोठव. बाकीचं तुझं तू ठरव. तू तर सांगलीला चाललीयस."

मी थोड्या पेशी गोठवल्या. उरलेल्या वाटून घेतल्या. काहींवर नेहमीची औषधं घातली, काहींवर ती भुकटी विरघळवून, काही नुसत्याच ठेवल्या.

पुढचे दिवस मला एका लांब झोपेसारखे आठवतात. सकाळी कपाट उघडायचं, उबदार वाफ चेहऱ्यावर यायची, बाटल्या एकेक करून बघायच्या. नेहमीच्या औषधांच्या बाटल्यांत पेशी मजेत होत्या. भुकटीच्या बाटल्यांतही सुरुवातीला काही फरक दिसला नाही. दुपारी मी खाली वॉर्डात जायची. हौसाक्कांचा श्वास आखूड होत चालला होता. अर्धवट ग्लानीत त्या छताच्या पंख्याकडे बघायच्या. "रीळ बरूबर फिरतंय न्हवं?" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "सपान पडलं. तंबू भरलाय, आन मान्सं न्हाईत. समदी ती मोती बसल्यात. शिस्तीत." आण्णांनी तिकडं तोंड फिरवलं.

"काय म्हनत्यात गं त्या?" मला त्या विचारायच्या.

"अजून काही बोलल्या नाहीत."

मग एका सकाळी मी भुकटीची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला वाटलं चुकीची बाटली उचलली. तळ रिकामा होता. चपटे गोटे नव्हते, मोती नव्हते. द्रवात बारीक कचरा तरंगत होता, पाचोळ्यासारखा. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. दुसरी बाटली बघितली, तिसरी. जिथं जिथं ती भुकटी होती तिथं तळ मोकळा. बाकी बाटल्यांत गर्दी.

दोन वर्षं ज्या जगाव्यात म्हणून मी देव पाण्यात घातले होते, त्या मेल्या होत्या. मी खाली बसले. जमिनीवर. आणि हसत होते की रडत होते, ते आत आलेल्या सरांनाही कळलं नसावं. ते काही न विचारता सूक्ष्मदर्शकाशी गेले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"वॉर्डातल्या डॉक्टरांशी मी बोलतो," सरळ होत ते म्हणाले. "बाई फार अशक्त आहेत म्हणतील. तरी बोलतो. तू हे फोटो काढ."

मी खाली गेले. हौसाक्का डोळे मिटून पडल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला.

"हौसाक्का, बोलल्या त्या."

त्यांनी डोळे उघडले. "काय म्हनल्या?"

"काही नाही म्हणाल्या. सगळ्या गेल्या."

माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बारकाईनं बघितलं. मग आण्णांकडे मान वळवली. "आवो, ऐकलं का? गेल्या म्हनं." आणि पुन्हा माझ्याकडे वळून, काहीशा ओशाळल्यागत, "गरीब बिचाऱ्या."

चाचणीच्या यादीत त्यांना घ्यायला वॉर्डातले डॉक्टर आधी तयार नव्हते. सरांनी फोटो त्यांच्या टेबलावर मांडले आणि तिथून उठायला नकार दिला, असं मला नंतर कळलं. गोळी सुरू झाली. आधी अंगावर पुरळ आलं. मग ताप गेला. मग एके दिवशी मी वॉर्डात गेले तर ऑक्सिजनची नळी खाटेच्या दांडीला नुसतीच लटकत होती आणि हौसाक्का शेजारच्या खाटेवरच्या बाईला सिनेमातलं भांडण, दोन्ही बाजूंचे आवाज काढून, सांगत होत्या. छातीच्या फोटोत जिथं पांढरं धुकं होतं तिथं काळं मोकळं आभाळ आलं होतं.

सगळं सांगायचं तर पुढचंही सांगायला हवं. गोठवलेल्या पेशी मी काढल्या तेव्हा त्यातली एकही जगली नाही. ती ओळ संपली. कुठल्याच नियतकालिकात त्यांचं नाव आलं नाही. काही वर्षांनी ती गोळी कुणाला लागू पडते आणि का, ते लांबच्या देशातल्या लोकांनी शोधून काढलं. एका जनुकातला एक लहानसा बदल. मी हौसाक्कांच्या गाठीचा मेणात जपलेला जुना तुकडा काढून तपासला. बदल होता. पण तोवर त्या नव्हत्या. गोळीनं त्यांना दीड वर्ष दिलं. मग रोगानं दुसरी वाट काढली आणि ती वाट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती. त्या मुंबईला परत आल्या नाहीत. आण्णांचा फोन आला, "झोपेत गेली, तरास न्हाई," एवढंच म्हणाले.

मी सांगलीला गेले नाही. ती दुसरी वाट कशी निघते, कुठून निघते, ती बंद कशी करायची, ह्यातच माझं आयुष्य गेलं. थोडं कळलं. पुष्कळ कळायचंय. आता दर वर्षी नवी मुलंमुली येतात, मला विचारतात, मॅडम, तुम्ही ह्या विषयाकडे कशा वळलात? मी काहीतरी उत्तर देते. खरं उत्तर एका संध्याकाळचं आहे आणि ती कुणाला नीट सांगता येत नाही.

गोळी लागू पडली, त्याच वर्षीच्या चैत्रात हौसाक्कांनी मला जत्रेला बोलावलं होतं. मी एसटीनं गेले. माळावर तंबू उभा होता. सूर्य नुकता बुडाला होता आणि लोक पोती अंथरून जागा धरत होते. दारावर आण्णा होते, आणि त्यांच्यापुढं पत्र्याचा डबा.

"बिडी-काडी हितं टाकायची. सुटताना घिऊन जावा."

"आवो आण्णा, बिडीबिगर पिच्चर म्हंजे…" एक फेटेवाला म्हणाला.

"मग बाहीर बसून वड. आवाज फुकाट येतोय."

आत मशीनजवळ हौसाक्का उभ्या होत्या. डोक्यावर बोटभर केस आले होते. त्यांनी मला शेजारी खोक्यावर बसवलं, रीळ चढवलं, दिवा पेटवला. पडद्यावर चित्र हललं आणि माणसं गप्प झाली.

"हितनं तितपातूर उजेडाचा खांब दिसायचा पूर्वी," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "बिडीच्या धुरात दिसायचा त्यो. सिनेमा तर पाठ झालेला, मी तेच बगत बसायची. इतक्या वर्सात किती धूर गिळला आसंल, देव जानं. आता बिडी बंद केली, तर खांबच दिसंना. पैल्या दिशी घाबरले. म्हनलं, दिवा गेला. आन मान वर केली, तर पडद्यावर चित्र चालूच."

मी समोर बघितलं. मशीनपासून पडद्यापर्यंत नुसता काळोख होता. स्वच्छ, रिकामा. खरंच काहीच नव्हतं तिथं. मला राहवलं नाही, मी उठून त्या काळोखात हात घातला. तळवा एकदम पांढरा उजळला आणि पडद्यावर नायिकेच्या तोंडावर हा एवढा मोठा काळा पंजा पडला.

"ए! कोन हाय रं मागं! हात काढ!" सगळा तंबू ओरडला.

हौसाक्का हसायला लागल्या. मशीनला धरून, वाकून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. मी हात मागं घेतला आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले. आता खोकला येईल, आता धाप लागेल, म्हणून पाण्याचा तांब्या उचलून हातात धरला.

त्या हसतच राहिल्या.